चार बोटं वर आलेली पृथ्वी



आजच्या वाचनात कर्णपर्वातला तो प्रसंग आला. युद्धाचा सतरावा दिवस, समोर अर्जुन, आणि कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलेलं. लहानपणी टीव्हीवर पाहून आपण सगळेच इथे हळहळलोय. पण काल रात्री वाचताना मी वेगळ्याच जागी अडकलो. कर्ण रथातून उतरतो, दोन्ही हातांनी चाक धरतो आणि सगळी ताकद लावून उपसतो. व्यास सांगतात की डोंगर-वनांसकट पृथ्वी चार बोटं वर आली. चाक मात्र सुटलं नाही.

पृथ्वी उचलली गेली, पण चाक सुटलं नाही! हे वाचून पुस्तक मिटलं. कारण दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवला. तो मी इथे कधी लिहिला नव्हता.

जुलै महिना होता. आम्ही पाच जण, दोन गाड्या, ताम्हिणीच्या रस्त्याने निघालो होतो. मुळशीच्या पुढे एका कच्च्या वाटेला मी मित्राची फोर बाय फोर वळवली. खरं सांगायचं तर मागच्या गाडीतून व्हिडिओ चालू होता म्हणून वळवली. वाट पुढे भातखाचराच्या कडेने जात होती. बांधावरून चाक घसरलं आणि गाडी अर्धी खाचरात गेली. मी काय केलं? ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल उडाला, सगळे हसले. परत दाबला. दहा मिनिटांत गाडी पोटावर बसली. चिखलात रुतलेलं चाक जितकं फिरवाल तितकं ते स्वतःचाच खड्डा खणतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही पाय हलेना, कारण सगळे बघत होते.

मग दुसरी गाडी पुढे आणली आणि तिच्या मागच्या टो बॉलला दोर अडकवला. ट्रेलर लावायला तो लोखंडी गोळा असतो ना, तोच. तेवढ्यात शेताचे मालक आले. सत्तरीचे काका, डोक्यावर इरलं. आम्हाला वाटलं, आता शिव्या बसणार. त्यांनी फक्त दोराकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाडीतली माणसं आधी खाली उतरवा. आन् दोरापासून लांब व्हा समदी." माझ्या शेजारच्या सीटवर मित्राची धाकटी बहीण बसली होती. ती कुरकुरत उतरली. एकटा मी स्टिअरिंगवर राहिलो, आणि मनात म्हणत होतो, काकांना काय कळतंय यातलं.

पुढच्या गाडीने झटका दिला. टो बॉल तुटला. ताणलेल्या दोराने तो लोखंडाचा गोळा उलटा फेकला. माझ्या गाडीची काच फुटली आणि गोळा डावीकडच्या सीटच्या पाठीत घुसला.

ती सीट मला अजून दिसते.

जे वीकेंडला असे बाहेर पडता, त्यांच्यासाठी थोडं स्पष्ट लिहितो. हे चिंतनात बसतं की नाही, याची आज पर्वा नाही. टो बॉल झटका सहन करायला बनवलेला नसतो. दोर चासीला पक्क्या बसवलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच बांधायचा, आणि तो कुठे आहे हे घरून निघतानाच बघून ठेवायचं. ओढताना दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर सगळ्यांनी उभं राहायचं, दोरावरून ओलांडायचं नाही. दोराच्या मधोमध ओली गोणी किंवा जड चादर टाकायची, म्हणजे तुटला तरी त्याचा जोर मरतो. इशारे एकानेच द्यायचे. आणि हे सगळं शेवटी. आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, उतरायचं, बघायचं.

आमची गाडी शेवटी दोराशिवायच निघाली. काकांनी नातवाला पाठवून फावडं आणि पहार आणवली. चाकांमागचा आणि गाडीच्या पोटाखालचा चिखल उकरला. टायरमधली हवा बत्तीसवरून अठरापर्यंत उतरवली, म्हणजे टायर पसरट होऊन पकड घेतो (डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत भरायची, विसरायचं नाही). वाटेवरचे चपटे दगड चाकांमागे रचले. मग अगदी हळू, रिव्हर्समध्ये, ज्या चाकोरीतून आत गेलो तिच्यातूनच मागे. खणायला तासभर लागला, निघायला अर्धा मिनिट.

कर्णाजवळ ताकद कमी नव्हती हो. पण त्या क्षणी चाकाला हात लावणारा दुसरा कोणी नव्हता. शल्य सारथी होता, पण तो सकाळपासून त्याचा पाणउताराच करत होता. याच्या उलट आपल्या माऊलींचा रथ बघा. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटाची चढण आली की मानाच्या जोडीपुढे जादा बैलजोड्या जुंपतात. मानाच्या जोडीचा मान त्याने कमी झाला, असं वारीत कोणाला वाटत नाही. मला मात्र एका शेतकऱ्याचं ऐकताना कमीपणा वाटत होता.

आणि कर्णाचं चाक रुतलं तरी का? एका ब्राह्मणाच्या गाईचं वासरू त्याच्या बाणाने चुकून मेलं होतं, त्याचा शाप होता. कर्णाने भरपाई म्हणून गाई देऊ केल्या, धन देऊ केलं. ब्राह्मणाने काही घेतलं नाही. पूर्वी मला हा ब्राह्मण फार कठोर वाटायचा. चुकून झालं, माफी मागितली, पैसे देतोय, अजून काय हवं?

गाडी निघाल्यावर मीही पाकीट काढलं होतं. खाचराचा बांध आमच्या चाकाखाली सात-आठ फूट फुटला होता, आणि आदल्याच दिवशी लावलेली रोपं पाण्याबरोबर खालच्या खाचरात वाहत होती. आमच्यासाठी तो चिखल म्हणजे मजा. त्यांनी मात्र दोन दिवस चिखलणी करून तो तयार केला होता. काकांनी पैशांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "पैशानं पानी थांबतंय व्हय? बांध घाला."

अंधार पडेपर्यंत आम्ही पाचही जण बांध घालत होतो. मला फावडं धरता येत नव्हतं, ते नातवाने शिकवलं. तो सहावीत होता. मित्राची बहीण वाहून गेलेली रोपं गोळा करून काकूंच्या हातात देत होती आणि काकू ती परत लावत होत्या. ती एक शब्द बोलत नव्हती. मीही बोललो नाही.

तिच्या आईला आम्ही काच दगड लागून फुटल्याचं सांगितलं. आज हे लिहून झालं की त्यांच्याकडे जाणार आहे. निघायच्या आधी मित्राला फोन केला, तोही येतोय.

उद्याचं वाचन इथूनच पुढे. राम कृष्ण हरी.