शून्य म्हणजे उत्तीर्ण

परीक्षा घेणारा एक आणि देणारा दुसरा, ही जगाची जुनी रीत. पेपर मास्तर काढतात, उत्तरे मुले लिहितात, आणि दोघांच्या मध्ये एक टेबल असते. परीक्षेची सारी अब्रू त्या टेबलावर उभी असते. परंतु एक व्यवसाय असा आहे की, जेथे उत्तर लिहिणारा माणूसच पुष्कळदा प्रश्नही काढतो. तो म्हणजे संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचा. आज आपल्या ओळखीच्या किती तरी घरांत एखादा मुलगा, एखादी सून हेच काम करीत असते. तेव्हा ही परीक्षा चालते कशी, हे फराळाच्या ताटाशी बसून समजून घ्यायला हरकत नाही.

प्रोग्राम म्हणजे यंत्राला लिहून दिलेली आज्ञापत्रिका. ती बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी तिचा लेखक दुसरा एक छोटा प्रोग्राम लिहितो. त्यात प्रश्न असतात आणि अपेक्षित उत्तरेही असतात. मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, कधी कधी तर ‘पायटेस्ट’ हा एकच शब्द, आणि एंटरची कळ दाबायची. उत्तर जुळले की एक टिंब उमटते; चुकले की ‘एफ’ हे अक्षर. शेकडो प्रश्न बघता बघता तपासून होतात. ना डोळे शिणतात, ना ओळखीच्या मुलाला अर्धा गुण जास्त पडतो. शेवटी यंत्र निकालाचा एक आकडा मागे ठेवते, आणि मौज अशी की, तेथे शून्य म्हणजे उत्तीर्ण! बिघाडाच्या तऱ्हा अनेक, म्हणून उरलेले आकडे त्यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात.

एक साधे उदाहरण घेऊ. लीप वर्ष ओळखणारा प्रोग्राम लिहायचा आहे. लेखकाने नियम घातला: चाराने भाग गेला की लीप वर्ष. २०२४ विचारले, ‘होय’. २०२३ विचारले, ‘नाही’. सगळी टिंबे, आणि शेवटी शून्य. तरीही प्रोग्राम चुकलेलाच आहे. कारण १९०० हे वर्ष लीप नव्हते. शतकाच्या वर्षाला चारशेने भाग जावा लागतो. म्हणून २००० लीप होते आणि २१०० नसेल. यंत्राने येथे लबाडी केली नाही. त्याला १९०० कोणी विचारलेच नाही. जो नियम मनातच नाही, त्यावर प्रश्न तरी कसा सुचावा? एड्सगर डायक्स्ट्रा ह्या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६९ सालीच बजावले होते की, चाचणीने दोष असल्याचे दाखवता येते. दोष नसल्याचे सिद्ध करता येत नाही.

अज्ञान क्षम्य आहे. खरा नैतिक प्रश्न त्याच्या पुढे उभा राहतो. समजा, १९०० चा प्रश्न कोणी घातला आणि पडद्यावर ‘एफ’ उमटला. रात्रीचे अकरा वाजलेले, काम सकाळी द्यायचे. आता वाटा दोन. नियम दुरुस्त करावा, ही एक. दुसरी फार सोपी: अपेक्षित उत्तरच बदलून टाकावे, किंवा त्या प्रश्नावर ‘तूर्त वगळा’ अशी खूण करावी. दोन्ही वाटांच्या शेवटी तेच शून्य भेटते. त्या दोन शून्यांतला फरक यंत्राला कळत नाही. तो एकट्या त्या माणसाला ठाऊक असतो.

हाच मोह मोठा झाला की काय होते, तेही जगाने पाहिले आहे. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांतला प्रोग्राम, परीक्षा चालू आहे हे ओळखत असे. तेवढ्यापुरता तो धूर आवरून धरी आणि रस्त्यावर आल्यावर मोकळा सोडी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१५ च्या सप्टेंबरात हे जाहीर केले, आणि जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत तो प्रोग्राम असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. संशय आला होता तो त्या गाड्या परीक्षेच्या खोलीबाहेर, खऱ्या रस्त्यावर चालवून धूर मोजल्यामुळे.

मग आपणच आपले परीक्षक असू, तर करावे काय? ह्या व्यवसायात एक चांगली रीत आहे. अमेरिकेतील केंट बेक यांनी ती रुजवली. तीत प्रश्न आधी लिहितात आणि उत्तर तयार होण्यापूर्वीच चाचणी चालवतात. त्या वेळी ती नापास झालीच पाहिजे. जी चाचणी आपल्याला कधी नापास करूच शकत नाही, तिच्या शाबासकीला किंमत ती काय? पायथन भाषेसोबत मिळणारे चाचणीचे साधन पूर्वी, एकही प्रश्न सापडला नाही तरी खाली ‘ओके’ छापून मोकळे होई. २०२३ सालच्या आवृत्तीपासून अशा वेळी ते शून्याऐवजी पाच हा आकडा देते. ज्या परीक्षेत प्रश्नच नव्हते, तिला उत्तीर्ण म्हणायचे नाही, एवढे शहाणपण माणसाने यंत्राला शिकवले.

स्वतःला ते शिकवणे अधिक कठीण. अंथरुणावर पडल्यावर आपणही दिवसाचा हिशेब घेतो आणि बहुधा उत्तीर्ण होतो. चोरी केली का? नाही. कुणाला फसवले का? नाही. टिंबामागून टिंब उमटत जाते आणि झोप लागते. पण सकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी आपण कसे बोललो, हा प्रश्न त्या पत्रिकेत असतो का? ज्याचे उत्तर चुकेल अशी भीती वाटते, तो प्रश्न आधी घालावा. मग शून्य आले तर त्याचा आनंद खुशाल मानावा.