मनाचा आजार हा अविश्वास म्हणावा काय?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील एका उपदेशक बंधूंनीं आम्हांस एक प्रश्न केला. त्यांच्या मंडळींतील एक शेतकरी गृहस्थ तीन महिन्यांपासून उपासनेस येईनासे झाले होते. कोणाशीं तंटा नाहीं, दारूचें व्यसन नाहीं. घरीं जावें तों ते भिंतीकडे तोंड करून निजलेले असत. फार आग्रह केला तर एवढेंच म्हणत कीं, देवानें मला टाकलें आहे, तुम्ही व्यर्थ श्रम घेऊं नका. मंडळींतील वडील माणसांचें मत पडलें कीं, हा उघड अविश्वास आहे व त्यांस तशी समज द्यावी. उपदेशक बंधूंचें मन तें घेईना. त्यांनीं विचारलें, "पाळकसाहेब, हें पाप समजावें कीं दुखणें?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं वीस वर्षांपूर्वीं एकदां चुकीचें दिलें आहे, म्हणून ह्या खेपेस घाई करण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं. तेव्हां आम्ही सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडलों होतों आणि सर्व प्रश्नांचीं उत्तरें आमच्या वहींत लिहिलेलीं होतीं. एक तरुण बाई बाळंत होऊन महिना झाला तरी रडतच असे. मुलास जवळ घेईना, जेवीना. आम्हीं तिला सांगितलें कीं, देवानें धडधाकट लेकरूं दिलें असतां रडणें ही कृतघ्नता आहे, तूं क्षमा माग. तिनें मुकाट्यानें हात जोडून क्षमा मागितली. त्या रात्रीपासून तिची झोंप साफ गेली. पुढें सरकारी दवाखान्यांतील एका नर्सबाईंनीं ओळखलें कीं, बाळंतपणानंतर कित्येक स्त्रियांस जडणारा हा आजार आहे. औषध सुरू झालें व कांहीं महिन्यांत बाई बरी झाली. तिनें आम्हांस कधींहि दोष दिला नाहीं. पण तिचे ते जोडलेले हात आम्हांस अजून दिसतात.

चिंता कोणास नाहीं? पाऊस लांबला, सोसायटीचें कर्ज थकलें, कांद्याचा भाव पडला, मुलीचें लग्न ठरलें व गांठीं पैसा नाहीं, अशा वेळीं ज्याच्या छातींत धडधड होत नाहीं असा मनुष्य आम्हीं पाहिलेला नाहीं. ही धडधड अविश्वासाची नव्हे, देहाची आहे. संकट दिसतांच शरीरांतील ग्रंथींतून कांहीं रस रक्तांत सुटतात, काळजाचे ठोके वाढतात, हातापायांत बळ येतें, झोंप उडते. वाघ समोर आला असतां ही व्यवस्था उपकारक आहे. तो गेला कीं देह निवतो. परंतु कर्ज हा वाघ महिनेच्या महिने दारांत बसून राहतो. मग झोंप तुटते, अन्न गोड लागत नाहीं, रक्ताचा दाब वाढतो, लेकरांवर विनाकारण हात उठतो. अशास उपदेशापेक्षां एक रात्रीची झोंप, कर्जाचा हिशेब कागदावर मांडून देणारा मित्र व आपलें दुःख सांगावयास एक माणूस ह्यांची गरज अधिक. दारू मात्र झोंप आणते असें वाटत असलें तरी ती खरी झोंप मोडते व दुसऱ्या दिवशीं मन अधिकच खचवते.

आतां दुसरी गोष्ट. कित्येकदां वाघ निघून जातो, कर्ज फिटतें, तरी अंधार सरत नाहीं. कधीं तर कारणच सांपडत नाहीं. दोन आठवडे वा अधिक काळ रोज बहुतेक वेळ मन खिन्न राहिलें, कशांतच गोडी उरली नाहीं, आणि त्याबरोबर झोंप, भूक व अंगांतील शक्ति बिघडून मरणाचे विचार येऊं लागले, तर वैद्य त्यास आजार म्हणतात. ह्या आजाराचें एक लक्षण असें आहे कीं, त्यानें आम्हां उपदेश करणारांची हटकून फसगत होते. तें लक्षण म्हणजे आपण मोठे अपराधी आहों अशी भावना. रोगी म्हणतो, मी नालायक आहें, मला क्षमा नाहीं. आम्हांस वाटतें, हा पश्चात्ताप आहे! आम्ही त्यास खतपाणी घालतों आणि घालतों तें रोगास.

दोहोंत भेद कसा करावा? पश्चात्ताप करणारास आपला अपराध नांवानें सांगतां येतो: मी अमक्याचा बांध कोरला, मी अमकीस खोटें बोललों. तो बांध पुन्हां घालूं शकतो, आणि क्षमा मिळाली म्हणजे त्याचें ओझें उतरतें. रोग्याच्या अपराधास नांव नसतें. असलें तर तें वाळूच्या कणाएवढें असून त्यास तें डोंगरासारखें दिसतें. त्यास शंभर वेळां क्षमा सांगा, ती आंत पोंचत नाहीं. ज्या मनानें ती घ्यावयाची तेंच मन दुखावलेलें असतें.

हें केवळ दुबळ्या विश्वासाच्या माणसांचें होतें असें कोणी म्हणेल, तर त्यानें विल्यम कूपर ह्या इंग्रज कवीचें चरित्र पाहावें. लॉर्डांच्या सभेंतील एका कारकुनीच्या जागेसाठीं परीक्षा द्यावयाची होती. तिच्या धास्तीनें १७६३ सालीं त्याचें चित्त इतकें बिघडलें कीं त्यानें जीव देण्याचा यत्न केला. सेंट ऑल्बन्स येथें डॉक्टर कॉटन ह्यांच्या रुग्णालयांत तो बरा झाला, आणि पुढें ओल्नी गांवीं जॉन न्यूटन ह्या पाळकाचा शेजारी होऊन राहिला. दोघांनीं रचलेलीं गीतें १७७९ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. पण १७७३ च्या आरंभींच कूपरचा आजार उलटला होता. देवानें आपणांस कायमचें टाकलें असा त्याचा ग्रह झाला, आणि १८०० सालीं मरेपर्यंत तो पुन्हां उपासनेस गेला नाहीं. ज्याचीं गीतें मंडळ्या गात होत्या तो स्वतः मंदिराच्या बाहेर राहिला!

न्यूटनास त्याचें मन फिरवितां आलें नाहीं. त्यानें काय केलें, तर त्या सालीं कूपरला आपल्या घरीं ठेवून घेतलें, तें वर्षाहून अधिक. घरांत सतत खिन्न मनुष्य वागविणें काय असतें हें ज्यांनीं वागविला आहे त्यांसच ठाऊक. पुढें कूपरनें तीन ससे पाळले, सुतारकी शिकून त्यांस स्वतः घरें करून दिलीं, बाग केली. १७८४ सालीं त्या सशांविषयीं त्यानें एका मासिकांत लेखहि लिहिला. निराशेस हुकूम करणें त्याच्या हातीं नव्हतें; सकाळीं सशांस पाला घालणें होतें.

येथें एक आक्षेप येईल, व तो खरा आहे. सर्वच आजार म्हटलें तर मनुष्यावर जबाबदारी ती कोणती राहिली? उद्यां दारूबाजहि म्हणेल, माझें मन आजारी आहे. आमचें मत असें: मनुष्याच्या हातीं किती आहे ह्याचें माप रोज निराळें असतें आणि तें बाहेरून घेतां येत नाहीं. ज्याचें त्यानें आपणांस विचारावें, 'आज मला काय करणें शक्य आहे?' आंघोळ असेल, गुरांस पाणी दाखविणें असेल, गोळी वेळेवर घेणें असेल. हा प्रश्न स्वतःस केला तर आधार होतो. तोच शेजाऱ्यानें दारांत उभें राहून केला तर फटका होतो. शेजाऱ्यासाठीं प्रश्न निराळा आहे: त्याच्या ओझ्यापैकीं मी काय उचलूं?

एलीया संदेष्टा रानांत झुडपाखालीं पडून मरण मागत होता, तेव्हां त्यास प्रथम भाकर, पाणी व झोंप मिळाली, तीहि दोनदां. विचारपूस मागाहून झाली. हा क्रम आम्हीं कित्येक वर्षें वाचला व पाहिला नाहीं.

ओझें उचलण्याऐवजीं लोक सांखळी उचलतात, असेंहि घडलें आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंत एरवाडी येथें मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानास आग लागली. सांखळ्यांनीं बांधलेले २८ जण मेले. रोगी बरे व्हावे ह्याच आशेनें आप्त त्यांस तेथें आणीत असत. आज २०१७ च्या कायद्यानें रोग्यास सांखळी घालण्यास मनाई आहे, आणि जीव देऊं पाहणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असेंच धरावें, त्यास शिक्षा करूं नये, असेंहि तो कायदा सांगतो. कायदा जें धरून चालतो तें मंडळीनें धरूं नये काय?

कोणी मरणाची भाषा बोलला तर ती ऐकून न ऐकल्यासारखी करूं नये. 'जीव नकोसा झाला आहे काय?' असें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं, उलट बोलण्यास वाट मिळते. फवारणीचें औषध घरांत असेल तर तें शेजाऱ्याकडे कुलपांत ठेवावें व त्या माणसास एकटें सोडूं नये. १४४१६ ह्या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फोनास पैसे पडत नाहींत.

त्या शेतकरी बंधूंस घेऊन उपदेशक बंधु व आम्ही एस.टी.नें जिल्ह्याच्या दवाखान्यांत गेलों. वाटेंत ते एक शब्द बोलले नाहींत. डॉक्टरांनीं रक्त तपासलें, गोळ्या दिल्या, आणि गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागतील, मध्येंच सोडूं नका असें बजाविलें. आतां ते जेवतात, बैल सोडतात. उपासनेस अद्याप येत नाहींत. वडील माणसांपैकीं एकदोघे अजून कुरकुरतात. त्यांच्याशीं आम्ही वाद घालीत नाहीं. रविवारीं उपासना आटोपली कीं उपदेशक बंधु त्यांच्या बांधावर जाऊन बसतात, आणि दोघे बहुतकरून पिकाविषयीं बोलतात.