स्वप्नातली लाथ आणि दोष

होळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांची यात्रा भरते. नारळांची होळी पेटते, आणि ‘बाहेरचं’ झालंय असं घरच्यांना वाटतं ती माणसंही तिथे आणली जातात. त्यांतलाच एखादा, दिवसा शांत असलेला साठीचा गृहस्थ पहाटे झोपेत ओरडतो, ठोसे मारतो, शेजारी झोपलेल्या बायकोला लाथ बसते. उठवल्यावर सांगतो, कुत्रं अंगावर आलं होतं. अशा वेळी घरात दोनच तर्क निघतात: बाधा, नाही तर मनात दाबलेला राग. दोन्ही तर्क त्या माणसावर अन्याय करतात.

स्वप्नाच्या झोपेत मेंदूच्या खोडातली केंद्रं स्नायू सैल ठेवतात. ती बिघडली की स्वप्न हातापायांत उतरतं. शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी 1986 साली अमेरिकेत या विकाराचं वर्णन केलं. अशा रुग्णांपैकी बहुतेकांना पुढे काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच्याच जातीचा स्मृतिभ्रंश होतो. कंपवाताच्या रुग्णांत ‘जीबीए’ या जनुकात दोष असेल तर ही झोप अधिक बिघडलेली दिसते. ‘एलआरआरके2’मधला दोष असेल तर तुलनेने कमी. मनातल्या रागाचं म्हणाल, तर फँटिनी आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवलं की या रुग्णांची स्वप्नं हिंसक असली तरी दिवसा ते इतरांपेक्षा जास्त आक्रमक नसतात.

मग जनुक म्हणजे प्रारब्धच की, असं कुणी म्हणेल. तसं नाही. प्रारब्ध भोगल्याशिवाय सुटत नाही असं आपण मानतो. जीबीएचा दोष वाहणाऱ्या बहुतेकांना मात्र कंपवात होतच नाही. शिवाय प्रारब्धामागे पूर्वीचं कर्म शोधावं लागतं, म्हणजे आजाऱ्याच्या माथी आणखी एक अपराध.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दोषच नाही म्हटलं तर जबाबदारी कुणाची? इथे परंपरा आपल्यापेक्षा सूक्ष्म होती. बौद्ध भिक्षूंच्या विनयात, म्हणजे आचारनियमांत, वीर्यपाताचा नियम कडक आहे, पण स्वप्नातला प्रसंग त्यातून वगळलेला आहे. मनुस्मृती ब्रह्मचाऱ्याला स्वप्नातल्या स्खलनानंतर स्नान आणि सूर्यपूजा सांगते, पण ते नकळत घडलं हे धरूनच. इच्छा नसेल तिथे पाप नाही, तरी घडलेल्या गोष्टीनंतर करायचं काही उरतंच. लाथेचा दोष त्या गृहस्थाचा नाही. पण कळल्यावर अंथरूण वेगळं घालणं, उशाजवळचा कंदील, विळा हलवणं ही जबाबदारी त्याची आणि घरच्यांची आहे.

सैलानीला जायचं तर जरूर जा, श्रद्धेला कुणाची हरकत नाही. पण झोपेतली ही धडपड वारंवार होत असेल, तर हात थरथरू लागायची वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा, आणि सोबत बायकोलाही न्या. रात्री काय घडतं ते तिलाच ठाऊक असतं.