अस्पर्श किनारा आणि पाहुण्याचा धर्म

प्रवासाने माणूस शहाणा होतो, बहुश्रुत होतो, हे आपल्याकडे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की त्याविषयी शंका घेणे अरसिकपणाचे वाटावे. परंतु या विधानात हिशेब केवळ प्रवाशाचा मांडलेला असतो. ज्या गावी तो जातो, त्या गावाचे काय होते, हा प्रश्न त्यात येत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे तपासावयाचा आहे. उदाहरण आहे आग्नेय आशियातील उष्ण कटिबंधीय बेटांचे, आणि तेथे पाठीवर सॅक टाकून येणाऱ्या व दोन-चार आठवडे राहून पुढे जाणाऱ्या तरुण जोडप्यांचे.

अशा प्रवाशांचे एक आद्य जोडपे म्हणजे टोनी व मॉरीन व्हीलर. १९७२ साली हे तरुण दांपत्य लंडनहून निघाले, आशिया ओलांडून बाली बेटावर पोहोचले आणि तेथून एका शिडाच्या नौकेने ऑस्ट्रेलियाला गेले. सिडनीला पोहोचले तेव्हा दोघांजवळ मिळून अवघे २७ सेंट उरले होते. स्वस्तात आशिया कसा पाहावा, याविषयीची पुस्तिका त्यांनी १९७३ मध्ये स्वतःच छापली. १९७५ मध्ये आग्नेय आशियावरील त्यांचे मार्गदर्शक पुस्तक निघाले. पुढे दोन-तीन पिढ्यांतील असंख्य जोडपी त्याच पुस्तकाच्या नवनव्या आवृत्त्या हाती घेऊन याच बेटांवर उतरली.

या मंडळींची राहणी प्रथमदर्शनी निर्दोष, किंबहुना आदरणीय वाटते. बांबूची झोपडी, वर फिरणारा पंखा, रस्त्याकडेच्या गाड्यावरचा भात, दोन जोडी कपडे. आपल्या परंपरेत ज्याला अपरिग्रह म्हणतात त्याच्याशी या राहणीचे साम्य दिसते. परंतु साम्य वरवरचे आहे. अपरिग्रही माणूस गरजा कमी करतो तो त्या सोडण्यासाठी. सॅकवाला प्रवासी खर्च कमी करतो तो मुक्काम लांबविण्यासाठी. झोपडीचा मालक गरीब आहे, कारण त्याला दुसरा मार्ग नाही. पाहुणा काही आठवड्यांपुरता गरीब आहे, कारण त्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे. दोघे एकाच चटईवर बसून जेवले तरी त्यांची गरिबी एक नव्हे. म्हणूनच दहा-वीस बाथसाठी झोपडीवाल्याशी अर्धा तास घासाघीस करून त्याला साधेपणाचे नाव देणे मला अनुचित वाटते. साधेपणा आपल्या ताटापुरता असावा. दुसऱ्याच्या मजुरीत काटछाट करण्याचा अधिकार तो देत नाही.

मात्र मूळ प्रश्न पैशाचा नाही. या प्रवाशाला जे हवे असते ते पैशाने मिळत नाही. त्याला हवा असतो अस्पर्श किनारा, म्हणजे जेथे त्याच्यासारखा कोणी अद्याप गेलेला नाही असा. ही इच्छा पूर्ण होते त्याच क्षणी तिचा विषय नष्ट होतो, ही तिची गंमत आहे आणि शोकांतिकाही. ॲलेक्स गार्लंड या इंग्रज लेखकाने १९९६ मध्ये ‘द बीच’ ही कादंबरी लिहिली, ती नेमकी याच लालसेवर. थायलंडच्या एका बेटावर प्रवाशांचा एक गट गुप्त किनारा राखून बसला आहे, अशी तिची कल्पना. तिच्यावरील चित्रपटाचे चित्रीकरण १९९९ मध्ये फी फी ले या निर्मनुष्य बेटावरील माया उपसागरात झाले. किनारा चित्रपटाला साजेसा दिसावा म्हणून तेथील वाळू सपाट करण्यात आली, नारळाची झाडे आणून लावण्यात आली. त्यावरून न्यायालयात दावे झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. २००० साली चित्रपट प्रदर्शित झाला आणि गुप्त किनाऱ्याचे स्वप्न पाहून लोक त्या किनाऱ्यावर येऊ लागले. पुढे दिवसाला सुमारे पाच हजार माणसे येऊ लागली. होड्यांच्या नांगरांनी आणि गर्दीने प्रवाळ मोडले. अखेर जून २०१८ मध्ये थायलंड सरकारने उपसागर बंद केला. काही महिन्यांतच काळ्या टोकाच्या परांचे शार्क उथळ पाण्यात पुन्हा दिसू लागले. जानेवारी २०२२ मध्ये तो पुन्हा उघडला, पण होड्यांना उपसागरात मज्जाव करून आणि एका वेळच्या माणसांची संख्या ठरवून.

यात दोष कोणाचा? पाच हजारांपैकी प्रत्येक जण प्रामाणिकपणे म्हणू शकतो की, मी एकटा आलो नसतो तर काय फरक पडला असता? गणिताच्या दृष्टीने हा युक्तिवाद खरा आहे. राज्य शासनाच्या सेवेत असताना समुद्रकाठच्या बांधकामांवरील निर्बंधांतून सूट मागणारे अर्ज माझ्या टेबलावरून पुष्कळ गेले. प्रत्येक अर्जदाराची अडचण खरी असे. एका पडवीने किनारा बुडत नाही, हे त्याचे म्हणणेही खरे असे. तरीही सर्वांना सूट मिळाली असती तर नियमही उरला नसता आणि किनाराही. त्यामुळे आपल्या कृतीचे नैतिक मोल तिच्या एकट्या परिणामावरून ठरवता येत नाही. मी जी मुभा स्वतःला देतो, ती माझ्यासारख्या प्रत्येकाला द्यायला मी तयार आहे काय, हे विचारावे लागते. अस्पर्श किनाऱ्याचा शोधक येथेच अडतो. त्याची इच्छाच अशी की इतरांना ती मुभा नसावी.

येथे एक आक्षेप संभवतो. मग जाऊच नये काय? हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच संशयास्पद. २०२० साली महामारीमुळे पर्यटन थांबले, तेव्हा बालीची अर्थव्यवस्था एका वर्षात नऊ टक्क्यांहून अधिक आकसली. शेजारच्या नुसा लेम्बोंगान बेटावरील अनेक कुटुंबे, सोडून दिलेल्या समुद्रशैवालाच्या शेतीकडे पुन्हा वळली. पाहुणा येणे हे ज्यांच्या घरी चूल पेटण्याचे कारण आहे, त्यांना आपल्या वैराग्याचा काय उपयोग? दुसरा पर्याय सुचविला जातो तो मौनाचा. जावे, पण कोणाला सांगू नये. मला हा पर्याय अधिकच सदोष वाटतो. गुपित राखणारा प्रवासी त्या किनाऱ्याला मनोमन आपली मालमत्ता समजतो. तेथील कोळ्याला आणखी चार पाहुणे हवे असतील, तर ते नाकारणारे आपण कोण? आणि नको असतील, तर त्यांना बोलावणारे तरी आपण कोण?

माझ्या मते खरा अपराध जाण्यात नाही आणि सांगण्यातही नाही. तो आहे दुसऱ्याच्या घराविषयी परस्पर निर्णय घेण्यात. ‘अस्पर्श’ हा शब्दच असा एक परस्पर निर्णय आहे. थायलंडच्या सुरिन बेटांवर मोकेन नावाचे दर्यावर्दी लोक पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहेत. २००४ च्या त्सुनामीच्या दिवशी समुद्र मागे हटताना पाहून त्यांच्यातील वडीलधाऱ्यांनी संकट ओळखले आणि लोकांना उंचावर नेले. ज्यांना त्या पाण्याची प्रत्येक खूण ठाऊक आहे, त्यांचा किनारा अस्पर्श कसा? आपण त्यांना मोजले नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

यजमान कोण, हेही नेहमी स्पष्ट नसते, हे मान्य केले पाहिजे. फिलिपिन्समधील बोराकाय बेट २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने बंद ठेवण्यात आले, कारण सांडपाणी थेट समुद्रात जात होते. तेथील मूळ रहिवासी आती लोकांना त्या वर्षी जमिनीची प्रमाणपत्रे देण्यात आली. काही वर्षांतच ती वादात सापडली. हॉटेलमालक, मजूर, सरकार, आती, यांपैकी यजमान म्हणून कोणाचा शब्द प्रमाण मानावा? पाहुण्याला हा वाद सोडवता येणार नाही. परंतु ज्याचा आवाज सर्वांत क्षीण आहे, तोही या घरातला आहे, एवढे भान तो राखू शकतो.

आम्हा गोमंतकीयांना हा विषय परका नाही. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण, कळंगूटच्या किनाऱ्यांवर हिप्पी आले, तेही अस्पर्श किनाऱ्याच्याच शोधात. त्यांनी ज्याला एकांत म्हटले ती कोणाची तरी जाळी सुकविण्याची जागा होती. आज आपली मुले-नातवंडे बाली आणि फुकेतला जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिल्यावर ती वाट अधिकच सोपी झाली. एका किनाऱ्यावर आपण यजमान आहोत, दुसऱ्यावर पाहुणे. यजमान म्हणून जी तक्रार करतो, ती पाहुणे असताना आठवणे हा नीतीचा पहिला धडा म्हणावा लागेल.

आपल्या धर्मशास्त्राने अतिथीला देव मानले, पण त्याच शास्त्राने परिव्राजकाला एका गावी फार काळ राहू नये असेही बजावले. यजमानाचे औदार्य अमर्याद असावे म्हणून पाहुण्याने मर्यादा घालून घ्यायची, असा हा समतोल आहे. थायलंड ज्या बौद्ध परंपरेत वाढला, त्या परंपरेतील धम्मपदात भिक्षूने गावात कसे वावरावे, हे सांगताना मधमाशीचा दृष्टांत येतो. ती रस घेते, फुलाला इजा करीत नाही. मला या दृष्टांताची आणखी एक बाजू महत्त्वाची वाटते. मधमाशी कोणते फूल उमलावे हे ठरवीत नाही.

तेव्हा जाणाऱ्याने जावे. यजमानाने घातलेली मर्यादा, मग ती संख्येची असो, कराची असो वा किनारा दोन महिने बंद ठेवण्याची, अपमान न मानता पाळावी. वाजवी दाम द्यावे. आणि परत आल्यावर त्या किनाऱ्याचे वर्णन करताना तेथे राहणाऱ्या माणसांना त्यातून वगळू नये. एवढे पाळणाऱ्या पाहुण्याला अस्पर्श किनारा कदाचित सापडणार नाही, परंतु त्याच्या जाण्याने एखादा किनारा हरवणारही नाही.