ताण

पाचोडच्या तात्यांची मोसंबीची बाग २०१३च्या उन्हाळ्यात गेली. आदल्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेला होता, विहिरीत खडक दिसत होता. तात्यांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायला पाहिलं, पैसा संपेपर्यंत जगवलीही. मग कुऱ्हाड चालवावी लागली. जालना आणि पैठणच्या पट्ट्यात त्या साली अशा कितीतरी बागा सरपणाला गेल्या. पुढे काही वर्षांनी तात्या मुलाकडे राहायला आले, संभाजीनगरला, सिडकोत, एन-सातला.

घराची गच्ची सूनबाईची होती. ती अलिबागकडची. लग्नात माहेराहून आणलेला मोगरा तिनं मोठ्या कुंडीत वाढवला होता, आणि त्याच्याभोवती बाकीचा संसार मांडला होता. दसऱ्यानंतर रगडून पेरलेले धणे, मेथी, पालक, कळ्यांवर आलेली शेवंती, छाटून ठेवलेला गुलाब, कोपऱ्यात कढीपत्ता. थंडीत मेथीसारखं गुणी पीक नाही. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात जुडी हातात येते. कोथिंबीर मात्र गारठ्यात वेळ घेते, आठ-दहा दिवस माती नुसतीच दिसते, आणि घाई करणारा माणूस तेवढ्यात ती उकरून बघतो.

संभाजीनगरची थंडी सूनबाईला अजून परकी होती. अलिबागेत समुद्र रात्रीची हवा सांभाळून घेतो. हे शहर समुद्रापासून दूर आणि साडेपाचशे मीटरांहून उंच. डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला की पहाटे पारा दहाच्याही खाली उतरतो, आणि दुपारी ऊन अंगाला टोचतं. त्या वर्षी थंडीची लाट आली आणि मोगऱ्याची पानं पिवळी पडू लागली.

तिनं पाणी वाढवलं. इथं नळ काही रोज येत नाही. नाथसागर जलाशयाचं पाणी घरात पोचायला आठ-आठ दिवस जातात. त्यामुळे पाण्याच्या दिवशी टाकी, ड्रम, बादल्या भरून झाल्या की उरलेलं सगळं कुंड्यांत ओतायची घरोघर सवय आहे. पुन्हा कधी मिळेल कोण जाणे, अशी त्यामागे भीती असते. सूनबाईनंही तेच केलं. पानं आणखी पिवळी झाली, तेव्हा तिनं शेणखत घातलं.

"सूनबाई, ह्याला पाणी द्यायलीस?" तात्यांनी विचारलं.

"सुकतोय ना, तात्या."

तात्यांनी कुंडीत बोट खुपसलं. दोन पेरं खाली माती चिखलासारखी गार होती. "सुकत न्हाई, गुदमरायलाय. थंडीनं ह्याची भूक मेली आहे. मुळ्या पाणी उचलत न्हाईत, पानं उडवत न्हाईत, मग ते पाणी जाणार कुठं? आता ह्याला ताण दे."

हा शब्द तिनं झाडाच्या बाबतीत कधी ऐकला नव्हता. मोसंबीवाल्याला तो पाठ असतो. आंबिया बहार धरायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळ्या रानात दोन महिने आणि वरही. झाड वाढ थांबवतं, पानं फिकट पडतात, काही गळतात, आणि फांदीत साठलेलं बळ कळीच्या कामाला लागतं. मग जानेवारीत ताण तोडायचा. मोगराही त्याच जातीच्या स्वभावाचा. थंडीत त्याला निजू दिलं तर उन्हाळ्याच्या तोंडाशी तो फुलांनी लगडतो. थंडीत पाणी-खत घालून जागवलं तर पालाही धड येत नाही.

"पण हे मोगऱ्यापुरतं," तात्या म्हणाले. "कढीपत्त्याचंही कमी कर. मेथी-पालक-शेवंतीला ताण दिलास तर हातची जाईल. त्यांचा हाच मोसम हाय."

त्यांनी आणखी बरंच सांगितलं. कुंड्या उत्तरेच्या कठड्यावरून काढून दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीपाशी लावल्या. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. पाणी सकाळी ऊन वर आल्यावर द्यायचं, संध्याकाळी नाही, कारण ओल्या पानावर रात्रभर गारठा बसतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या आणि जास्त थंडीच्या रात्री तिच्यावर जुनं धोतर टाकायचं, पहाटे काढायचं. मातीवर वाळक्या पाल्याचा थर. फुकटातली कामं, पण पौष सरेपर्यंत कुंड्या त्यांवरच निभावतात.

शेजारच्या गच्चीवरून काका हे ऐकत होते. नोकरीतून निवृत्त झालेले, झाडांची हौस दांडगी. त्यांना ताण शब्द फार आवडला. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या कुंड्यांचं पाणी तोडलं आणि पुतणीच्या लग्नाला नाशिकला गेले. तिथून कुणाकुणाकडे फिरत तीन आठवड्यांनी परतले.

इकडे तात्या रोज सकाळी गच्चीवर जात होते. मोगऱ्याला थेंब नाही, पण बोट रोज मातीत. पान दुपारी मान टाकतं का, टाकलं तर संध्याकाळी उचलतं का, फांदीची साल हिरवी आहे का. शेत आणि कुंडी यांतला फरक त्यांना माहीत होता. रानात मुळी खोल जाऊन ओल शोधते. कुंडीत ती चार बोटांवर भिंतीला अडते. एका सकाळी पान मलूल झालं आणि रात्र उलटूनही उठलं नाही, तेव्हा त्यांनी अर्धा पेला पाणी दिलं. सूनबाई हसली. "ताण मोडला की, तात्या."

"मरणार असंल तर ताण कसला?"

काका परतले तेव्हा त्यांची मेथी वाळून गवत झाली होती, शेवंतीच्या कळ्या न उमलताच काळ्या पडल्या होत्या, छोट्या कुंडीतला मोगरा काडी झाला होता. ते तडक तात्यांकडे आले. "तुम्हीच म्हणालात ना, पाणी तोडा म्हणून?"

तात्यांनी वाद घातला नाही. काकांच्या गच्चीवर जाऊन मोगऱ्याची साल नखानं खरवडली. वर तपकिरी, मध्येही तपकिरी, बुडाशी मात्र हिरवी रेघ. त्यांनी तिथपर्यंत छाटलं, कुंडी सावलीला सरकवली, थोडं पाणी घातलं. "पाणी देणाऱ्याला चार दिवस गावाला जाता येतं, काका. ताण देणाऱ्याला न्हाई."

हे तात्यांच्या मुलानं ऐकलं. तो नळाला मोटार लावायला वर आला होता. तो काही बोलला नाही.

त्याचा स्वतःचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. दिवाळीच्या सुमाराला निकाल लागला, चार विषय गेले. तेव्हापासून बापानं बोलणं बंद केलं होतं. मेसचे पैसे वेळेवर जात, फोन नाही. "कळू दे त्याला जरा," एवढंच तो बायकोला म्हणे. ती निरोप पाठवी, उत्तर एका शब्दाचं येई.

भोगीच्या दिवशी ताटात बाजरीची तीळ लावलेली भाकरी होती, आणि वांगं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, वाल घातलेली मिसळीची भाजी. गच्चीवरची मेथीही त्यात होती. तात्यांनी घास मोडता मोडता विचारलं, "पोरगं कुणासंग राहतं आता?"

"तेच आधीचे दोघं."

"न्हाई," सूनबाई खालच्या आवाजात म्हणाली. "नोव्हेंबरातच खोली बदलली त्यानं. एकटा राहतो."

मुलाचा हात थांबला. तात्यांनी त्याला टोचून काही म्हटलं नाही. बागेविषयीच बोलले, ते तेरा सालाविषयी फारसं कधी बोलत नसत. "बारा साली डिसेंबरात मीच पाणी तोडलं व्हतं बागेचं. दरसालसारखं. जानेवारीत ताण तोडायला गेलो तर हिरीत पाणीच न्हाई. झाडाला काय कळणार, म्या दिलेला ताण कुठं संपला आन् दुष्काळाचा कुठं सुरू झाला? त्याला नुसतं कोरडं लागलं. मी रोज जाऊन उभा राहायचो बागेत. उपयोग नव्हता, तरी जायचो. तू कदी गेलास पुण्याला?"

संक्रांत झाली, थंडी उतरू लागली. तात्यांनी मोगऱ्याची छाटणी केली, वरची दोन बोटं माती खरवडून काढली, मुळ्यांना दोन दिवस ऊन दाखवलं आणि कुजलेलं शेणखत भरलं. मुलगा शेजारी उभा होता. त्यानं बादली उचलली.

"ठेव ती. तांब्या आण. पहिलं पाणी आंबवणीचं, हलकं. चार दिसांनी चिंबवणीचं. मग पोटभर."

"एकदम दिलं तर?"

"उपाशी झाडाला एकदम पाजलं तर नुसता पाला माजतो. आलेली कळीबी गळती."

मुलगा बराच वेळ कुंडीकडे बघत होता. मग म्हणाला, "फोनवर काय बोलू, तात्या?"

"जेवलास का, इचार. परीक्षेचं काढू नगंस."

त्या संध्याकाळचा फोन दोन मिनिटं चालला. जेवलास का, थंडी आहे का तिकडे, पांघरूण पुरतं का. पोरानं घाबरून विचारलं, घरी काही झालंय का. बाप म्हणाला, काही नाही, सहज केला. निकालाचा शब्द त्याच्या जिभेवर आला होता, तो त्यानं गिळला.

पुढच्या आठवड्यात फोन पोराचाच आला. खोली का सोडली ते त्यानं आपणहून सांगितलं. बाकीचे दोघं पास झाले होते, त्यांच्यासमोर बसवत नव्हतं. चारपैकी दोन विषय स्वतः काढतो म्हणाला, गणिताला शिकवणी लावावी लागेल, पैसे लागतील.

"किती?" बापानं विचारलं. "आणि रविवारी आहेस ना खोलीवर? मी येतो."