पळी कोणाच्या हातात?

सोलापुरात कुठल्याही चौकात उभे राहून मान वर केली, की डिजिटल फलकावर हात जोडलेला एक चेहरा दिसतो आणि त्याखाली ‘जनसेवक’ असे लिहिलेले असते. त्याच रस्त्यावर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ असते, पुढे ‘ग्राहक सेवा’ असते, आणि मोबाइल कानाला लावला तर ‘सेवा उपलब्ध नाही’ असते. इतक्या ठिकाणी चिकटवल्यावर कुठल्याही शब्दाचा डिंक जाणारच. तरी मला हा शब्द टाकून देता येत नाही, कारण मी ज्या ख्रिस्ती मंडळीत वाढले तिथला निम्मा कारभार याच शब्दावर चालतो.

‘मंडळी’ हा आमचा शब्द. चर्च म्हणजे इमारत आणि मंडळी म्हणजे त्यात बसणारी माणसे. कोण दवाखान्यात आहे, कोणाच्या घरी मयत झाली, कोणाच्या पोराची फी थकली, हे रविवारच्या उपासनेनंतर आवारातल्या चहावर कळते. सिव्हिलमध्ये डबा कोणी न्यायचा, रात्री उशाशी कोणी बसायचे, कबर खणायला कोणाला सांगायचे, हेही तिथेच ठरते. त्यासाठी कोणी भाषण करत नाही. डब्यावर आडनावाचे एक अक्षर कोरलेले असते, तेही डबा परत यावा म्हणून.

हे सगळे चांगले आहे, याबद्दल मला शंका नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. सेवा करणाऱ्याचे काय होते हे आपण नेहमी बोलतो: समाधान मिळते, मन मोठे होते, पुण्य लागते. पण सेवा घेणाऱ्याचे काय होते? एखाद्याचे भले करता करता आपण त्याला लहान तर करत नाही ना?

२०२०च्या टाळेबंदीत हा प्रश्न अख्ख्या शहरापुढे आला. यंत्रमाग बंद पडले, विडीचे काम थांबले. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. पान-तंबाखू मिळाली नाही, की त्या आठवड्याची मजुरी नाही. मग ठिकठिकाणी तांदूळ, डाळ, तेलाच्या पिशव्या वाटल्या गेल्या आणि पिशव्यांबरोबर फोटोही आले. तुम्हीही ते स्टेटसवर पाहिले असतील. एका पिशवीला पाच हात लागलेले असतात आणि सहावा हात घेणारीचा असतो. पाच जण कॅमेऱ्याकडे पाहतात, ती जमिनीकडे पाहते.

आमच्या मंडळीनेही पिशव्या भरल्या. ओळखीतल्या एक आजी, आयुष्यभर विड्या वळलेल्या, रांगेत आल्याच नाहीत. निरोप गेला तेव्हा आल्या, पण पिशवीला हात न लावता तराजूपाशी बसल्या आणि दुपारभर इतरांसाठी तांदूळ मोजत राहिल्या. संध्याकाळी आपली पिशवी उचलून सरळ घरी गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत आणि त्यांना कोणी काही विचारलेही नाही.

त्यांनी त्या दुपारी जे केले, त्यामागे या शहराचा मोठा इतिहास आहे.

भाकरी आणि कुंपण

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८६०च्या दशकात हे काम सोलापूरपर्यंत पोहोचले. वोरोनोको, मेरी बी. हार्डिंग ही शाळांची नावे सोलापूरकरांच्या तोंडी आहेत, ती याच मिशनच्या कामातली. पण या जिल्ह्यात मिशनची खरी ओळख झाली ती दुष्काळात. १८७६ ते ७८चा दुष्काळ आणि मग १८९९-१९००चा. पावसाने पाठ फिरवलेल्या या कोरडवाहू मुलखात आईबाप गमावलेली मुले अनाथाश्रमांत आली, जेवली, शिकली आणि ख्रिस्ती झाली.

माझे पणजोबा त्या मुलांपैकी एक. आमच्या घराण्याची आठवण तिथूनच सुरू होते, त्याच्या मागे कोरे पान आहे. त्यांचे गाव कोणते, जन्मनाव काय, घरात कोणाला माहीत नाही. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आमच्या मागच्या पिढ्यांनी भरपूर ऐकला. त्यावर मला दोन गोष्टी एकाच वेळी म्हणायच्या असतात. पहिली, ती भाकरी कोणी दिली नसती तर हा लेख लिहायला मी नसते. उपाशी मुलाला खाऊ घालणाऱ्यावर बोट उगारायला भरल्या पोटी बसलेल्या कोणालाही फारसा अधिकार नाही. दुसरी, त्या मुलाला कोणी काही विचारले नव्हते. भाकरीबरोबर नाव, प्रार्थना आणि उद्याचे सगळे आयुष्य ताटात आले. ते आयुष्य चांगले निघाले हे खरे, पण न विचारता आले हेही तितकेच खरे.

याचे दुसरे, जास्त कठोर रूप सोलापुरात ‘सेटलमेंट’ या नावाने आजही पत्त्यांत आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा कायदा मुंबई इलाख्यात लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड मोठी वसाहत उभी राहिली. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर पडायचे नाही, गिरणीत कामाला जायचे आणि परत आत यायचे. ही वसाहत चालवण्याचे काम सरकारने काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे दिले होते.

तिथे शाळा होती, दवाखाना होता, हाताला काम होते. वस्तीच्या एका भागाला ‘उमेदपूर’ असे सुंदर नाव मिळाले. तिथे राबलेल्या अनेकांचा हेतू चांगला होता, असे मी मानते. पण तारेच्या आत ठेवलेल्या माणसाला ‘आम्ही तुमची सेवा करतो’ असे म्हणता येते का? त्या माणसाला ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. आणि ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला किंमत किती? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. भटक्या-विमुक्तांमध्ये तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मुक्ती साजरी होते ती कुंपणापासून. कुंपणाच्या आतल्या शाळेसाठी कोणी ते कुंपण परत मागत नाही.

टिळकांनी सोडलेला पगार

हा पेच मराठी ख्रिस्ती समाजाच्या आतून ज्यांनी सर्वांत तीव्रपणे ओळखला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकात ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून भेटतात; लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ते जरा कमी गोंडस आणि जास्त खरे भेटतात. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची बरीच वर्षे ते अहमदनगरला याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार फार पुढे गेला नाही.

टिळकांचे मिशनशी वैर नव्हते. त्यांना जे खटकत होते ते माझ्या समजुतीप्रमाणे असे: परदेशातून येणारा पैसा आणि त्यातून मिळणारा पगार मध्ये आला, की बंधू-बंधूंचे नाते मालक-नोकराचे होते, आणि शेजाऱ्याला प्रेमातही पगाराचा वास येऊ लागतो. देणाऱ्याचा हात कायम वर आणि घेणाऱ्याचा कायम खाली राहिला, तर मनात कितीही प्रेम असले तरी दोघांची मान हळूहळू तशीच वळते.

सात वाढपी

बायबलमध्ये या प्रश्नाचे एक उत्तर आहे आणि ते उपदेशात नाही, एका भांडणात आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्यावहिल्या मंडळीत तक्रार उठते. रोजच्या अन्नवाटपात स्थानिक भाषा बोलणाऱ्या विधवांना मिळते, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते. म्हणजे ख्रिस्ती मंडळीची पहिली मोठी अंतर्गत कटकट होती वाढपातल्या दुजाभावाची. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

प्रेषितांनी काय केले? जास्त अन्न आणले नाही, तक्रार करणाऱ्यांना समजूतदारपणाचा डोसही दिला नाही. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितली आणि वाढप त्यांच्याकडे दिले. त्या सातांची नावे पुस्तकात आहेत: स्तेफन, फिलिप्प, नीकानोर आणि इतर चार. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे, बहुधा, ज्यांच्या पानात कमी पडत होते त्यांच्याच माणसांच्या हातात पळी दिली गेली.

मला या गोष्टीत सेवेची अख्खी कसोटी दिसते. देणाऱ्याचे मन किती निर्मळ आहे, हे आपल्याला मोजता येत नाही. पण पळी कधी हात बदलते का, एवढे नक्की पाहता येते. आज घेणारा उद्या वाढायला उभा राहू शकतो का? किती, कोणाला, कसे, हे ठरवताना त्याला विचारले जाते का? तराजूपाशी बसलेल्या आजींनी हेच केले. त्यांना तांदूळ नको नव्हता, त्यांना पलीकडच्या बाजूलाही जागा हवी होती.

याचे मोठे उदाहरण सोलापूरलाच, चर्चच्या बाहेर आहे. शहराजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली ती पूर्ण झाली. त्यामागे संघटनेचा वर्षानुवर्षांचा लढा होता. केंद्र आणि राज्याच्या पैशाबरोबर कामगार बायकांनी स्वतःचा वाटाही भरला. त्या घराची किल्ली घेताना मान खाली घालायचे कारण कोणालाच नव्हते.

पण भूक थांबत नाही

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. भुकेल्याला आधी मानसन्मानाची चर्चा हवी की भात? फोटो काढणाऱ्याची पिशवीही शेवटी पोट भरतेच. सगळे शुद्ध होईपर्यंत थांबायचे म्हटले तर माणसे मरतील.

खरे आहे. म्हणून मी थांबा असे म्हणत नाही. बुडणाऱ्याला ओढताना त्याची परवानगी मागत बसायचे नसते. पण दुष्काळ संपतो आणि दुष्काळातली सवय राहते. आणीबाणीत न विचारता दिलेली भाकरी समजू शकते. वीस वर्षांनीही न विचारताच देत राहिलो तर ती व्यवस्था झाली, आणि व्यवस्थेला कुंपण घालायला वेळ लागत नाही. शिवाय पळी घेणाऱ्याच्या हातात गेली की सगळे आपोआप गोड होते, असेही नाही. तिथेही नातेवाइकांच्या पानात जास्त पडते. मराठी मंडळ्यांचाच इतिहास पाहा. वेगवेगळ्या दलित जातींतून आलेल्या ख्रिस्ती लोकांत एका पंगतीला बसण्यावरून वाद झाले आहेत. जात चपलेसारखी चर्चच्या पायरीवर काढून ठेवता येत नाही. तेव्हा पळी एकदा नाही, पुन्हा पुन्हा फिरवावी लागते.

हे फिरवणे आमच्या व्यवस्थेत निदान कागदावर तरी आहे. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत पूर्वी बिशप नव्हते; प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहायची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च-परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले आणि या परंपरेतल्या पुष्कळ मंडळ्या बिशपांच्या छत्राखाली आल्या. बिशप म्हटले की उंच टोपी आणि हातात मेंढपाळाची काठी आठवते. पण तिथे पोहोचणाऱ्या प्रत्येकाला आधी ‘डीकन’ व्हावे लागते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेवक, म्हणजे अगदी पानात वाढणारासुद्धा. पुढे पाळक झाला, बिशप झाला, तरी ही पहिली दीक्षा पुसली जात नाही. प्रत्यक्षात किती जणांना ती आठवते, हा वेगळा विषय आहे. खुर्चीचा मोह चौकातल्या फलकापुरता नसतो.

शेवटी घेण्याबद्दल. येशू शिष्यांचे पाय धुतो, ही गोष्ट नम्रतेचा धडा म्हणून सांगितली जाते. त्यात पेत्र अडून बसतो, आपले पाय धुऊ देत नाही. गुरूने आपल्या पायाशी बसावे, हे त्याला सहन होत नाही. येशूचे उत्तर असे, की तू धुऊ दिले नाहीस तर आपले नाते उरणार नाही. मला वाटते, नेहमी देणाऱ्या माणसांसाठी ही गोष्ट आहे. मंडळीत अशा बाया-बापे असतात जे चाळीस वर्षे इतरांना डबे पोहोचवतात आणि स्वतः आजारी पडले की कोणाला कळू देत नाहीत. आपण त्यांना निःस्वार्थी म्हणतो. पण कधीच न घेणे हीसुद्धा वरच राहण्याची एक रीत असू शकते.

म्हणून पुढच्या वेळी तुम्ही कुठे काही वाटायला उभे राहाल, रक्तदान शिबिरात, वारीच्या वाटेवर, गुरुद्वाऱ्यात, मशिदीच्या इफ्तारीला किंवा आमच्या आवारात, तेव्हा एकच करून पाहा. समोरच्याला विचारा, ‘जरा इकडे येऊन वाढू लागता का?’ आणि त्याने पळी घेतली, की तुम्ही पंगतीत बसा.