बोलणं पुरं होऊ द्या

आष्टीकडे भादव्यात कोणी भेटला की बोलणं संत्र्याच्या फळगळीवर येतंच. "काय सांगू भाऊ, झाडाखाली नुसता सडा पडला," एवढं तो म्हणतो न म्हणतो, तोच ऐकणारा फवारणी सुचवून मोकळा होतो. सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण औषध कोणतं मारायचं ते त्यालाही ठाऊक असतं. फळगळीच्या मागे लेकीची फी असते, सोसायटीचं कर्ज असतं. तिथवर तो पोचायच्या आतच आपण निघालेलो असतो.

येशू यरीहोच्या वाटेवर थांबला तो एका ओरडणाऱ्या भिकाऱ्यासाठी. बार्तीमय आंधळा होता, आणि आंधळ्याला काय हवं असणार हे गर्दीतल्या पोरानेही सांगितलं असतं. तरी येशूने त्याला काय हवं ते विचारलं आणि त्याच्या तोंडून ऐकलं.

आपल्या विदर्भातलीच एक गोष्ट आहे. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. बोलणं काव्यावरून निघालं आणि धर्मावर आलं. टिळक विद्वान, तापट, वादाला केव्हाही तयार. नुसता उपदेश कोणी केला असता, तर त्यांनी तो गाडीतच खोडून काढला असता असं मला वाटतं. इथे मात्र दोघांच्या गप्पा झाल्या. त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत हाती दिली, टिळकांनी ती वाचायला घेतली, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी त्यांचं मन अडकलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाचं नाव त्यांना कधीच कळलं नाही.

प्रार्थनेतही आपली घाई तीच. आजाऱ्यांची नावं, पोरांच्या परीक्षा, पाऊस, सगळं भराभर सांगायचं, आमेन म्हणायचं आणि उठायचं. देवाने बोलावं कधी? शमुवेलाला तर देवाची हाक आधी ओळखूच आली नाही. रात्री तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा त्याला वाटलं, म्हातारे एलीच बोलावताहेत. तरी तो दर वेळी अंथरुणातून उठून धावत गेला. झोपमोडीची कुरकुर नाही, 'सकाळी बघू' नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हाकेला उठायची ही सवय त्याला होती, आणि चौथी हाक कोणाची ते शेवटी एलींनीच त्याला समजावलं. म्हणून आज आमेननंतर मिनिटभर तसंच बसून राहा. निघताना आतून आजीने हाक मारली, तर चपला घालता घालता 'हो, हो' म्हणू नका. परत आत जा. ती कालचंच सांगेल कदाचित. सांगू द्या, आर्वीच्या बसला अजून वेळ आहे.